मु. पो. बर्मिंगहॅम, मु. पो. ब्राँक्स

रंगभवनचं फाटक बंद होतं. दीप अमावास्येचा आदला दिवस, पाऊस तिरका, आणि धोबीतलावच्या फुटपाथवर मी भाच्याला छत्रीत घेऊन उभा. आदल्या रात्री ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेल्याची बातमी आली होती. सतराव्या वर्षी ज्या जागेतल्या मेटलच्या जलशांनी माझे कान कायमचे बिघडवले ती जागा निदान बाहेरून तरी बघून यावी, एवढाच हेतू. भाचा एकोणीस वर्षांचा, राहणार कल्याण पूर्व. रॅपशिवाय काही ऐकत नाही, आणि स्वतःही करतो. तो निव्वळ माझं मन राखायला आला होता.

“हा ऑझी कुठला, मामा?”

“बर्मिंगहॅमचा. तिथली ॲस्टन म्हणून कामगारवस्ती आहे, तिथला.”

“गाण्यात येतं का ते?”

“काय?”

“ॲस्टन.”

सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत मी ब्लॅक सबाथची गाणी मनातल्या मनात चाळत होतो. युद्ध सापडलं, सैतान सापडला, वेड, व्यसन, अणुबॉम्ब, लोखंडाचा माणूस, सगळे हजर. ॲस्टनची एक गल्ली काही सापडेना. भाच्याच्या लाडक्या मंडळींचं नेमकं उलटं असतं. गाणं सुरू होऊन दहा सेकंद होत नाहीत तोच पिनकोड कळतो.

मेटल आणि रॅप या दोन संगीतांची तुलना निघाली की लोक बहुतेक केसांवर, साखळ्यांवर, शिव्यांवर बोलतात. मेटलवाले म्हणतात रॅपमध्ये सूर नाही, रॅपवाले म्हणतात मेटलमध्ये शब्दच कळत नाहीत. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे आणि त्यातून हाती काही लागत नाही. भाच्यानं विचारलेला प्रश्न मला जास्त कामाचा वाटला. गाणं आपला पत्ता सांगतं की लपवतं?

१९६५ साली ब्लॅक सबाथचा पुढचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता आणि बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या एका बँडमध्ये त्याला जागा मिळाली होती, त्यामुळे कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि परत जायचं नाही म्हणाला. आईनं ऐकलं नाही. हातातलं काम पुरं करून ये, म्हणाली. तो गेला. पत्रा वाकवायच्या यंत्रावरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून याला तिथे उभा केला. यंत्र खाली आलं. यानं हात मागे खेचला तेव्हा उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रातच राहिली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

कारखान्यातल्या साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजून दोन बोटं कायमची निकामी झालेला हा जिप्सी गिटारवादक उरलेल्या बोटांवर जगप्रसिद्ध झाला होता. त्यानंतर आयोमीनं जे केलं ते आपल्याकडच्या कुठल्याही आयटीआयवाल्याला चटकन कळेल. भांडी घासायच्या लिक्विड साबणाची रिकामी बाटली घेतली, ती वितळवून प्लॅस्टिकचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्यात भोक पाडलं, पॉलिश पेपरनं घासघासून बोटावर बसेल अशी टोपी केली आणि तार घसरू नये म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोप्या बसल्या, पण टोपीतल्या बोटाला तार जाणवेना, आणि जाड तारा दाबताना जीव जायचा. म्हणून त्यानं बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’साठी गिटारच दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल पडल्या, बोटांना आराम मिळाला, आणि आवाज आणखी जड झाला. ‘हेवी’ हा शब्द लोक मनोवृत्तीसाठी वापरतात. मला त्यात आधी जखम झालेल्या बोटांची सोय दिसते.

ब्लॅक सबाथची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली, शुक्रवार बघून. ध्वनिमुद्रण जवळपास एका दिवसात उरकलेलं. बँडचं नाव घेतलं होतं बोरिस कार्लोफच्या भुताच्या सिनेमावरून. भीती वाटावी म्हणून लोक पैसे मोजतात, मग तसंच संगीत का करू नये, हा त्यामागचा विचार. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला आयोमी तीनच स्वर वाजवतो: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. यमनातला हाच तीव्र मध्यम संध्याकाळी किती मवाळ वाटतो. तिथे त्याला गंधार-पंचमाची सोबत असते. आयोमीनं त्याला सोबतीशिवाय, षड्जाच्या समोर, फाटलेल्या आवाजात उभा केला. आमच्या आईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली परात तशीच धरून विचारलं होतं, “याला कुणी छळतंय का रे?”

गाणारा ऑझी कत्तलखान्यात काम करून आलेला. त्याआधी मोटारीच्या हॉर्नच्या कारखान्यात हॉर्न सुरात लावायचं काम त्यानं केलं होतं. घरफोडीत सापडून तो थोडे दिवस तुरुंगातही जाऊन आला. महायुद्धातल्या बाँबनी पडलेली घरं आजूबाजूला होतीच. असल्या वस्तीत दिवसभर राबलेल्या पोरांना संध्याकाळी पुन्हा त्याच वस्तीचं गाणं म्हणायचं नव्हतं, हे मला अगदी पटतं. त्यांनी सैतान घेतला, अवकाश घेतलं, युद्धखोर सेनापती घेतले. वस्ती मात्र मागच्या दारानं आत आलीच. शब्दांत ॲस्टन नसेल, पण घणाचे ठोके, यंत्राची घरघर, पत्र्यावर पत्रा आदळणं हे सगळं गिटारमध्ये आहे. शेजारच्या ज्युडस प्रीस्ट या बँडनं तर १९८० च्या रेकॉर्डचं नावच ‘ब्रिटिश स्टील’ ठेवलं. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन त्याच नावाच्या कंपनीत नोकरी करून आलेला. मेटलचा पत्ता असा आवाजात पुरून ठेवलेला असतो. उकरणाऱ्याला सापडतो.

आता दुसरं गाव, रॅपचं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. हिपहॉपचा जन्म सांगताना घरनंबरापासून सुरुवात करावी लागते, यातच काय ते आलं. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिनं इमारतीचा खालचा हॉल भाड्यानं घेतला, हातानं आमंत्रणं लिहिली, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेश ठेवला, आणि रेकॉर्ड वाजवायला थोरल्या भावाला बसवलं. भाऊ क्लाइव्ह अठराचा, जमैकात जन्मलेला, बाराव्या वर्षी ब्राँक्सला आलेला. अंगापिंडानं थोराड म्हणून पोरं त्याला हर्क्युलीसवरून ‘हर्क’ म्हणायची. जमैकात रस्त्यावर भलेमोठे स्पीकर लावून नाचायची पद्धत, आणि वडिलांकडे तशी यंत्रणा होती.

हर्कच्या एक लक्षात आलं होतं. गाण्यात गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि काही क्षण नुसते ड्रम उरतात, तेवढ्यात पोरं बेभान नाचतात. तो तुकडा असतो पाच-दहा सेकंदांचा. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर सुरू करायचा, तोवर पहिली हातानं मागे फिरवायची. दहा सेकंदांची दहा मिनिटं झाली. जोसेफ सॅडलर म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश हा पुढचा गडी इलेक्ट्रॉनिक्सच्या तांत्रिक शाळेत शिकलेला. त्यानं रेकॉर्डवर रंगीत खडूनं खुणा केल्या, म्हणजे तुकडा नेमका कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसावं. शिवाय एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जात असताना दुसरी आपल्या एकट्याच्या कानात ऐकता यावी म्हणून जोडणी स्वतः बनवली. आयोमीच्या हातात सोल्डरिंग आयर्न, फ्लॅशच्या हातातही तेच. दोन्ही संगीतांचा जन्म मला म्हणूनच वर्कशॉपमधला वाटतो. संगीतशाळेशी त्याचा फारसा संबंध नाही.

ब्राँक्सची अवस्था तेव्हा ॲस्टनपेक्षा वाईट होती. रॉबर्ट मोझेसच्या आखणीतला क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे वस्त्या चिरत गेला होता, ज्यांना जमलं ते सोडून गेले होते, आणि इमारतीचं भाडं वसूल होईना म्हणून विम्यासाठी मालकच आग लावतात, हे तिथे उघड गुपित होतं. अशा जागी राहणाऱ्या माणसाला भूत बघायला सिनेमाला जावं लागत नाही. त्याला भीती वेगळीच: आपण इथे राहतो याची कुठे नोंदच नाही. हर्कचा मित्र कोक ला रॉक माइक हातात घेऊन आधी काय करायचा? कविता नाही. समोर आलेल्यांची नावं पुकारायचा. अमका आलाय, तमका नाचतोय. रॅपची सुरुवात अशी हजेरीपटापासून झाली.

दोन्हीकडच्या मैफलीत एक वर्तुळ असतं, आणि मला ते नेहमी गमतीचं वाटत आलंय. मेटलच्या जलशात गर्दी मागे सरते, मधे मोकळी जागा होते आणि तिच्याभोवती पोरं जीव खाऊन गोल धावतात. एकमेकांवर आदळतात, पडतात. पडलेल्याला लगेच चार हात उचलतात, हा तिथला अलिखित कायदा. रंगभवनात माझा चष्मा पडला तेव्हा कुणीतरी तो पायदळी जाण्याआधी उचलून डोक्यावर धरून उभा राहिला होता. त्या वर्तुळाच्या मधोमध कुणीच नसतं. रॅपच्या सायफरचं वर्तुळ उलटं. कडेचे सगळे स्थिर, आणि मधे एकटा माणूस बोलतोय. तुझा नंबर आला की तू आत जायचंस आणि तू कोण ते सांगायचंस. नाही सांगता आलं तर लोक हसतात. पहिल्या वर्तुळात माणूस स्वतःला विसरायला जातो. दुसऱ्यात ती मुभा नाही.

इतकी वेगळी तऱ्हा असूनही दोघांची गाठ लवकरच पडली, आणि ती घालून देणारा रिक रुबिन हा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या होस्टेलच्या खोलीतून रेकॉर्ड कंपनी चालवणारा पोरगा होता. १९८६ हे एकच वर्ष बघा. रॅपवाले रन-डीएमसी आणि रॉकवाले एरोस्मिथ यांना त्यानं ‘वॉक धिस वे’साठी एकत्र आणलं. बीस्टी बॉइजची ‘लायसन्स्ड टू इल’ त्याचीच. तिच्या पहिल्याच गाण्यात आयोमीची गिटार कापून चिकटवलेली आहे. आणि स्लेअरची ‘रेन इन ब्लड’, जेमतेम अर्ध्या तासाची, पण मेटलच्या इतिहासात अजून तितका वेगवान आणि निर्दय अर्धा तास विरळा, तीही त्याच वर्षी, त्याच रुबिनची. स्लेअरचा केरी किंग बीस्टी बॉइजच्या रेकॉर्डवर गिटार वाजवून गेला. पुढच्या वर्षी आइस-टीनं सबाथचंच ‘वॉर पिग्ज’ आपल्या गाण्याखाली घातलं. १९९१ ला अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी यांनी ‘ब्रिंग द नॉइज’ मिळून केलं. रुबिनची खुबी मला अशी दिसते की तो दोघांतलं सगळं साजशृंगाराचं काढून टाकायचा. ठोका आणि त्यावरचा आवाज, बस. तेवढंच ठेवलं की मेटल आणि रॅप यांतलं अंतर वाटतं तेवढं राहत नाही.

मानमरातबाच्या दाराशीही दोघं एकाच रात्री उभे होते. फेब्रुवारी १९८९ च्या ग्रॅमी सोहळ्यात हार्ड रॉक-मेटल आणि रॅप यांना पहिल्यांदाच पारितोषिक ठेवलं गेलं. मेटलचं मिळालं जेथ्रो टलला. ज्यांचा गायक बासरी वाजवतो, त्यांना, मेटॅलिका शर्यतीत असताना. रॅपचं पारितोषिक दिलं, पण दूरदर्शनवर दाखवायचं नाही असं ठरलं, म्हणून जिंकलेल्यांनी सोहळ्यावर बहिष्कार घातला. एकाला दारातून चुकीच्या नावानं हाक मारली, दुसऱ्याला मागच्या दारानं या म्हणाले.

पोलीस आणि कोर्ट मात्र कुणाला काय म्हणायचं ते बरोबर ओळखतात. १९८५ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये गाण्यांतल्या अश्लीलतेवर सुनावणी झाली तेव्हा मेटलवाले आरोपींत पुढे होते. त्यातून आलेलं पालकांसाठीच्या इशाऱ्याचं लेबल पुढे रॅपच्या रेकॉर्डांवर जणू कायमचं चिकटलं. पण दोघांवरच्या खटल्यांचं स्वरूप बघण्यासारखं आहे. १९९० साली नेवाडातल्या रीनो शहरात ज्युडस प्रीस्टवर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. एक तिथेच गेला, दुसरा तीन वर्षांनी. आरोप असा की १९७८ च्या रेकॉर्डवरच्या एका गाण्यात कानाला ऐकू येत नाही अशी आज्ञा लपवलेली आहे. गायक रॉब हॅलफर्डनं साक्षीच्या पिंजऱ्यात गाऊन दाखवलं. न्यायाधीशांनी निकाल दिला की तसा भास होतो तो श्वास आणि गिटार यांचे आवाज योगायोगानं जुळल्यामुळे. बँड सुटला. म्हणजे मेटलला कोर्टात खेचलं ते कुणालाच ऐकू न आलेल्या शब्दांसाठी.

आता आपल्याकडे या. एप्रिल २०२३. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं मराठीत रॅप केला, त्यात ‘पन्नास खोके’ आले, आणि शिवसेनेच्या शिंदे गटाच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच सुमाराला उमेश खाडेच्या ‘भोंगळी केली जनता’वरून वडाळ्याच्या पोलिसांनी गुन्हा नोंदवला. इथे लपलेलं काही शोधून काढावं लागलं नाही. लहान पोरालाही कळेल असं मराठी होतं, आणि गुन्हा तोच होता.

हे मराठीपण कुठून आलं? मुंबईतल्या मेटलकडून तर नक्की नाही. ॲस्टनला जुळणारं आपल्याकडे काही असेल तर ते गिरणगाव. भोंगे, वाफ, चाळी, आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर लाखो कामगारांची झालेली वाताहत. न्यायानं बघितलं तर मराठी मेटल लालबाग-परळमध्ये जन्मायला हवं होतं. नाही जन्मलं. इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प्लिफायर, दोन बेस ड्रमचा संच आणि शेजाऱ्यांनी पोलीस न बोलावता तो बडवायला खोली, हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत सातजण झोपणाऱ्याला कुठून जमणार? गिरणगावाकडे शाहीर होते, बेंजो पार्टी होती, लेझीम होती. मेटल कॉलेजातून आलं, इंग्रजीतून आलं.

१९८६ ला फरहाद वाडियानं रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. आम्ही त्याला आयरॉक म्हणायचो. मी गिरगावातल्या चाळीतून चालत जायचो. आयर्न मेडनचा टी-शर्ट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून काळ्या गंजीवर फॅब्रिक कलरनं त्यांचा सांगाडा रंगवला. पहिल्याच धुण्यात त्याचा जबडा विरघळला आणि चाळीत माझं नाव ‘बोळका’ पडलं. आत मात्र कुणी जात-गाव विचारत नसे. बांद्र्याचा, दादरचा, डोंबिवलीचा, सगळे काळ्यात, सगळ्यांचं डोकं एकाच ठोक्यावर. घरी ज्याची ओळख सकाळ-संध्याकाळ सांगावी लागते त्याला अशी दोन तासांची बेनाम सुट्टी काय असते ते मी जाणतो. मेटल पत्ता लपवतं म्हणून त्याला पळपुटं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठी. काहींना पत्ता हेच ओझं असतं.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवले. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज आणि आसपास दोन मोठी रुग्णालयं. जलसे थांबले. मेटल थांबलं नाही. त्याच वर्षी साहिल मखिजानं डीमॉनिक रेझरेक्शन उभा केला, तीन वर्षांनी भयानक मौत आले. (हा मखिजा पुढे यूट्यूबवर स्वयंपाक शिकवून बराच गाजला. सैतानाच्या नावानं गाणाऱ्या माणसाचं पनीर फार नीटनेटकं असतं.) भयानक मौत हे नाव कसं रस्त्यावरून उचलून आणलेलं, गाणी मात्र बहुतेक इंग्रजीत. मला याची अजून हळहळ वाटते. ज्या भाषेत ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ठ’ आहेत, जिच्यात ‘खडखडाट’ हा शब्द उच्चारला तरी पत्रा वाजतो, तिच्यात घशातून गुरगुरायला काय कमी होतं?

रॅपनं ती चूक केली नाही. केली, सुरुवातीला, मग पटकन सावरलं. २०१३ ला अंधेरीच्या जेबी नगरच्या डिव्हाइननं मुंबई हिंदीतून सांगितली. पुढच्या वर्षी कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर गाणं रेकॉर्ड करून, त्यावरच चित्रित करून सोडून दिलं. २०१५ ला दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, २०१९ ला ‘गली बॉय’ सिनेमा. तोवर धारावीचे डोपॲडेलिक्स मराठीतही गाऊन मोकळे झाले होते आणि रजनीकांतच्या ‘काला’तही झळकले होते. स्वदेशी या जथ्यानं आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलाचं गाणं केलं. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी आदिवासींचं जगणं मराठी रॅपमधून मांडते. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन पुण्याला ‘पी-टाउन’ करून बसला. ही यादी नव्हे, पोस्टमनची पिशवी आहे, प्रत्येकावर पत्ता.

“रॅप म्हणजे आपला पोवाडाच की,” असं व्याख्यानांतून हल्ली फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, रॅपर स्वतःचा. जवळचं नातं शोधायचं तर ते कलगी-तुऱ्याशी आहे. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. वडील मला लहानपणी कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांना न्यायचे. शक्ती थोर की शिव थोर हा मूळ वाद. प्रत्यक्षात एक बुवा दुसऱ्याला पुराणातलं कोडं घालायचा आणि जाता जाता त्याच्या गुरूची, गावाची, आवाजाची पिसं काढायचा. दुसऱ्यानं त्याच चालीत, तिथल्या तिथे उत्तर बांधायचं. गाण्याच्या शेवटी शाहिराचं नाव, गुरूचं नाव, गावाचं नाव. मागच्या कापडावर तर मंडळाचा अख्खा टपालपत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका. अभंगात संत आपली नाममुद्रा घालतात तिथपासूनची ही आपली खोड आहे. हिपहॉप मराठीत इतक्या लवकर रुजलं याचं श्रेय लोक स्वस्त मोबाइलला देतात. मोबाइल आहेच. पण ज्या भाषेला गाण्याखाली सही करायची सवय आहे तिला हे संगीत परकं वाटायचं कारण नव्हतं.

अर्थात पत्ता सांगण्याचंही पुढे दुकान होतं. गल्लीचं गाणं गाजलं की गल्ली जाहिरातीत जाते, आणि गायक टॉवरमध्ये राहून गल्लीचंच गात बसतो. उलट ब्राझीलच्या सेपल्टुरानं १९९६ च्या ‘रूट्स’साठी शावान्ते आदिवासींबरोबर ध्वनिमुद्रण केलं, मेटलला पत्ता सांगता येत नाही असं म्हणणाऱ्यानं ते ऐकावं. दिल्लीचे ब्लडीवुड तर ढोल, गिटार आणि रॅप एकाच गाण्यात कोंबून २०१९ ला जर्मनीच्या वाकन महोत्सवापर्यंत पोचले. मला त्यांची सगळी गाणी आवडत नाहीत, पण ढोल आणि फाटकी गिटार एकमेकांना किती ओळखतात ते त्यांच्यामुळे कळलं. बायकांच्या बाबतीत दोन्ही घरांत अंधारच जास्त, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

श्रावणात एका संध्याकाळी भाच्यानं मला त्यांच्या सायफरला नेलं. कल्याण पूर्वेला मैदानाच्या कडेला दिव्याचा खांब, त्याखाली सहा मुलगे आणि एक मुलगी. स्पीकर नव्हता. एकानं फोनवर बीट लावला आणि फोन स्टीलच्या तांब्यात उभा ठेवला. आवाज दुप्पट झाला. भाच्याचा नंबर आला तेव्हा त्यानं कल्याणचा पत्रीपूल घेतला. पूल पाडला तेव्हा तो सातवीत होता, नवा होईतो नववीत गेला, आणि त्या काळात वडिलांना कामावरून घरी यायला रोज किती उशीर व्हायचा, हे सगळं त्यानं यमकांत बसवलं. माझ्या बहिणीच्या घरातली ती गोष्ट मला तोवर माहीत नव्हती.

मी सोबत एक कॅसेट नेली होती. नव्वदच्या दशकात आयरॉकच्या बाहेर एका पोरानं मला ती विकली होती, त्याच्या बँडची. बॉलपेननं बँडचं नाव लिहिलेलं, शाई उडालेली. साल नाही, गाव नाही, वाजवणाऱ्यांची नावं नाहीत. टेपला बुरशी लागली होती. भाच्याच्या मित्रानं ती साफ करून तिचा आवाज संगणकावर घेतला, त्यातली गिटारची चार मात्रांची एक ओळ कापून पुन्हापुन्हा वाजवली आणि विचारलं, “काका, यांना क्रेडिट द्यायचंय. कोण आहेत हे?”

मला सांगता आलं नाही. त्या वर्षांत मुंबई-पुण्यात जे वाजलं त्यातलं कितीतरी असंच घरगुती कॅसेटवर राहिलं. तेव्हा एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी एखादी कॅसेट, एखादं तिकीट, हातानं रंगवलेलं पोस्टर सापडलं तर भंगारात घालू नका. आणि त्याच्यावर आजच पेननं लिहून ठेवा: कोण वाजवत होतं, कुठे, कोणत्या साली.